थेंबवाले काकाजी

देवळीत खोकायचं असेल तर आधी आजूबाजूला पाहून घ्यावं लागतं. शक्य असेल तर दारं-खिडक्या लावून, उशीत तोंड खुपसून खोकावं. कारण घशातला खोकला पुरता बाहेर पडायच्या आत दिगंबरकाकाजी दारात हजर असतात. एका हातात बोटाएवढी काळी बाटली, दुसऱ्या हातात घडी घातलेला रुमाल आणि तोंडात एकच वाक्य, "हलू नोको! फक्त दोन थेंब!"

मग सुटका नाही. रुमालावर दोन थेंब पडतात, रुमाल तुमच्या नाकाशी येतो आणि निलगिरीचं अख्खं जंगल तुमच्या डोक्यात शिरतं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कानांतून वाफ. तुमचं चोंदलेलं नाक तर मोकळं होतंच, पण शेजारच्याचं होतं, त्याच्या शेजारच्याचं होतं, आणि वारा तिकडचा असला तर पुलगावच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्यांचंही होतं असं म्हणतात. म्हणणारा मीच आहे, ही गोष्ट वेगळी.

माझं झेरॉक्सचं दुकान आणि काकाजींचं घर यांच्यात एकच भिंत. एकदा मी मुद्दाम मशीन सुरू केली आणि तिच्या खडखडाटात अगदी बारीक खोकून पाहिलं. कागद अजून मशीनच्या पोटातच होता, तोवर काकाजी काउंटरवर वाकलेले. "जर्मनचा हाये," त्यांनी निदान केलं. "कुटारानं झाला. वावरात गेलता का बे?"

गेलो होतो. आदल्या दिवशी सोयाबीन काढताना कुटार, म्हणजे शेंगांचा भुसा, नाकातोंडात गेलं होतं. मी गुपचूप नाक पुढे केलं.

हे 'जर्मन' प्रकरण समजावून सांगायला हवं. काकाजींनी सारी हयात भांड्यांच्या दुकानात काढली. देवळीच्या पंचक्रोशीत ज्या लग्नात आंदणाची भांडी काकाजींच्या दुकानातली नव्हती, ते लग्न झालं असं मानायला लोक तयार नसत. घागर हातात घ्यायची, नखानं टिचकी मारायची आणि कान लावायचा. चीर डोळ्याला दिसायच्या आधी त्यांच्या कानाला दिसे. तोच कान त्यांनी पुढे माणसांच्या छातीला लावला. खोल घुमतो तो पितळी खोकला. हलका, वरवरचा, धुळीचा तो जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा. कपाशीच्या हंगामात जिनिंगमधल्या लोकांना होतो तो कल्हई उडालेला. आणि एखाद्याची छाती फुटक्या कढईसारखी वाजली की काकाजी बाटली खिशात घालत आणि म्हणत, "इथं माह्यं काम नाई. डॉक्टरकडे जाजो, आत्ताच्या आत्ता."

एवढं त्यांचं पक्कं होतं. आणखी दोन नियम होते. पोटात एक थेंब जाऊ द्यायचा नाही आणि तान्ह्या लेकराजवळ बाटली उघडायची नाही. बाटलीवरची बारीक अक्षरं त्यांनी भिंगातून वाचली होती, आणि वाचून झाल्यावर भिंगालाही दोन थेंब लावले होते.

हे वेड त्यांच्या मुलानं लावलं. मंगेशनं दुकान हाती घेतलं, बिलाचा कॉम्प्युटर बसवला आणि म्हणाला, "बाबा, आता तुमी आराम करा." आराम करायचा म्हणून एक वाफेचं मशीन आणि निरनिराळ्या अर्कांच्या बाटल्या ऑनलाइन मागवून दिल्या. मशीनमध्ये पाणी टाकायचं, थेंब टाकायचे, बटण दाबायचं, की खोलीत सुगंधी धुकं. मंगेशला वाटलं, बाबा धुक्यात शांत पडून राहतील. काकाजी बाटल्या घेऊन जे घराबाहेर पडले ते पडलेच.

एकदा देवळी-वर्धा एसटीत मी त्यांच्याबरोबर होतो. काकाजी ड्रायव्हरच्या मागे, आणि खोकला आला शेवटच्या बाकावरच्या माणसाला. गाडीत उभं राहायला जागा नाही. काकाजींनी रुमालावर थेंब टाकले आणि फर्मान सोडलं, "मागं द्या, मागं द्या!" रुमाल हातोहात निघाला. आता आपला माणूस कसा, हातात आलेली वस्तू हुंगल्याशिवाय पुढे देईल का? प्रत्येकानं छाती भरून हुंगला, एका आजीबाईनं गुडघ्याला चोळला, कंडक्टरनं घंटीच्या दोरीला पुसला. रुमाल शेवटच्या बाकावर पोचला तेव्हा रोगी सालोडला उतरून गेला होता. पण त्या दिवशी गाडी वर्ध्याला वेळेच्या आधी पोचली. इंजिनाचाही कफ सुटला असावा.

पण काकाजींचा खरा पराक्रम म्हणजे माझ्या पुतणीचं लग्न.

नाचणगावचे पाहुणे मुलगी पाहायला आले होते. आमच्याकडे तोंडावर कोणी 'नाही' म्हणत नाही. पाहुण्यांतला एखादा वडीलधारा हे काम खोकून करतो. एकदा खोकला तर बोलणं आवरतं घ्या. दुसऱ्यांदा खोकला तर उठा, जमत नाही. मुलाचे मामाजी या कामात मुरलेले होते. चहा झाला, पोहे झाले, मामाजी एकदा खोकले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. माझ्या वहिनीचा चेहरा पडला. मामाजींनी दुसऱ्या खोकल्यासाठी छाती भरली आणि तेवढ्यात दारातून आवाज आला, "हलू नोका!"

काकाजी पोह्यांच्या ताटल्या ओलांडून आले. मामाजी नाही म्हणत होते, पण रुमालातून. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या, आवाज बसला, श्वास धरायला मान खाली-वर, खाली-वर होऊ लागली. "हो म्हणून राह्यले वं!" वहिनी ओरडली आणि तिनं मामाजींच्या उघड्या तोंडात साखर घातली. रडणाऱ्या मामाला पाहून मुलाची आईही रडली. लग्न झालं, पुतणी नाचणगावात सुखात आहे, मामाजी मात्र आता कुठल्याच बैठकीत खोकत नाहीत, चिठ्ठी देतात.

काकाजींच्या पत्नी सुमनकाकू. त्यांना ही हकीकत कळली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा. ह्यायनं आजवर खोकले घालवले, आज एका माणसाचा नकार घालवला."

काकूंची जीभ अशी धारदार आणि गळा विलक्षण गोड. गल्लीच्या महिला भजनी मंडळाच्या त्या मुख्य. गुरुवारी त्यांनी पहिली ओळ उचलली की भाजीवाला हातगाडी थांबवायचा, मी मशीन बंद करायचो, आणि काकाजी ओसरीवर मांडी घालून असे बसायचे, जणू चाल त्यांनीच लावून दिली आहे.

आणि काकूंना खोकला लागला.

आधी कधीमधी, मग रोज. भजनात पहिली ओळ निघायची आणि दुसरीत ठसका. पुढे पहिलीतच. मंडळाची पहिली ओळ दुसऱ्या बाईकडे गेली; तिचा सूर लागला की गल्लीतली कुत्री उठून यशोदा नदीकडे चालू लागत. काकू मागे बसून टाळ वाजवू लागल्या. चार पायऱ्या चढल्या की त्यांना धाप लागे.

काकाजी चवताळले. सगळ्या गावचा खोकला त्यांना भिऊन असे आणि घरातला खोकला मात्र त्यांच्या नाकावर टिच्चून उभा! "हिचा खोकला कोन्त्याच धातूत बसत नाई गा," ते मला म्हणाले, आणि कामाला लागले. निलगिरीनं जमेना तर पुदिना, पुदिन्यानं जमेना तर लवंग, मग गवती चहा. एका मशीनची तीन मशीनं झाली. घरात असं धुकं दाटलं की पोस्टमन हाका मारत पुढच्या दारानं शिरला तो मागच्या दारानं निघाला आणि तिथल्या म्हशीला टपाल देऊन गेला. भिंतीवरच्या पालींना गरगरायला लागलं. पितृपक्षात त्यांच्या गच्चीवरच्या पानाला कावळा शिवेना. लवंगेचा वरणभात त्यांच्या पितरांनीही कधी खाल्ला नसावा.

काकू खोकतच होत्या.

माझी बायको वंदना मंडळात काकूंच्या शेजारी बसते. तिनं काकाजींना स्पष्ट सांगितलं, "काकाजी, काकूले डॉक्टरले दाखवा. इतके दिवस चालतो का खोकला?"

"वंदना, साऱ्या गावाचा खोकला मी पाहतो, अन् घरच्या खोकल्यासाठी वर्ध्याले जाऊ? लोक का म्हनतीन मले?"

"लोक आत्ता बी म्हनूनच राह्यले."

काकाजींनी चौथं मशीन मागवलं.

मधेच काकू सिंदी रेल्वे या गावी गेल्या. बहिणीच्या नातीचं बारसं होतं, बहिणीनं आठवडाभर ठेवून घेतलं. एका दुपारी काकाजी फोन कानाला लावून माझ्या दुकानात धावतच आले. फोन काउंटरवर ठेवला, आवाज मोठा केला. "ऐक! ऐक गा प्रमोद!" पलीकडे बायकांचा गलका होता आणि त्या गलक्यावर तरंगत काकू पाळणा म्हणत होत्या. सलग, एकही ठसका नाही. पाळणा संपेपर्यंत काकाजींनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. "मी तिच्या पिशवीत बाटली टाकली होती," ते म्हणाले. "गुन आला शेवटी."

काकू परतल्या त्या दिवशी गल्लीला दाखवायला म्हणून काकाजींनी दारातच पिशवी उघडली आणि बाटली वर धरली. बाटलीचं सील जसंच्या तसं होतं.

ते सीलकडे पाहत असतानाच काकूंनी उंबरा ओलांडला. आतून चारी मशीनांचं धुकं त्यांच्या स्वागताला आलं आणि काकू तिथेच वाकल्या. खोकता खोकता पायरीवर बसल्या, श्वास आत घ्यायला त्यांना जागाच सापडेना. वंदना धावली, तिनं त्यांना रस्त्यावर मोकळ्या हवेत आणलं. काकाजी बाटली हातात धरून नुसते उभे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "प्रमोद, गाडी काढ. वर्ध्याले."

डॉक्टरांच्या खोलीत आम्ही शिरलो आणि काकू काही बोलायच्या आधी डॉक्टरच खोकले. काकाजींचा हात सवयीनं खिशाकडे गेला.

"काका," डॉक्टर नाकाला हात लावून म्हणाले, "ते जे काही आहे ना, ते खिशातच राहू द्या. बहुतेक आजार तोच आहे."

तपासणी झाली, फुंकायचं यंत्र झालं, आणि डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. काकूंची श्वासनळी नाजूक. उग्र वास आला की ती आवळते. कोणाला या तेलांच्या वासानं बरं वाटतं, कोणाला हाच वास सोसत नाही. त्यांनी ओढायचा पंप लिहून दिला आणि घर धुऊन काढायला सांगितलं.

परतीच्या वाटेवर काकाजी माझ्या शेजारी बसले होते, काकू मागे. सालोड मागे पडलं. मग काकाजी समोर रस्त्याकडे पाहतच म्हणाले, "तुले माहीत होतं का वं?"

"नाक मलेबी हाये."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

काकूंनी काच खाली केली. थोडा वारा घेतला. "सांगतलं असतं त तुमी दिवसभर का केलं असतं? मंगेशनं दुकान घेतलं तवापासून खिडकीत बसून राह्यत होते. चार चार दिवस दाढी नाई, अंगात तेच बनियान. जेवा म्हनलं त जेवाचं, झोपा म्हनलं त झोपाचं. ह्या बाटल्या आल्या, अन् तुमी पुन्हा इस्त्रीचा सदरा घालून बाहेर निंगाले. लोकं हाका माराले लागले. मले वाटलं, खोकला का, होते सवय."

काकाजींनी चष्मा काढला आणि पुसायला रुमाल शोधला. खिशातला रुमाल निलगिरीत भिजलेला होता. त्यांनी तो तसाच खिशात ठेवला आणि चष्मा धोतराच्या टोकानं पुसला.

दुसऱ्या दिवशी चारी मशीनं मंगेश घेऊन गेला. काकाजींनी पडदे धुतले, भिंती पुसल्या, गाद्या उन्हात घातल्या. बाटल्या माझ्या दुकानात आल्या. स्टेपलरच्या पिनांशेजारी एक खण त्यांचा. आता ते सकाळी माझ्या ओट्यावर बसतात. कुटार खाल्लेले, जिनिंगमधले, कधी नुसतेच गप्पा मारायला आलेले लोक तिथे येतात. येणाऱ्याला काकाजी आता आधी विचारतात, "वासानं तरास होते का? घरी कोनाले होते का?" मगच झाकण उघडतात.

घरी जेवायला जायच्या आधी माझ्या दुकानामागच्या नळावर त्यांची आंघोळच चालते म्हणा ना. कोपरापर्यंत हात, मान, मिशा, सगळं बेसनानं घासून. सदरा बदलतात, माझ्याकडे ठेवलेला धुतलेला सदरा घालतात. मग शाळेत नखं दाखवणाऱ्या पोरासारखे दोन्ही हात पुढे करून माझ्यासमोर उभे राहतात. "हुंगून पाह्य गा."

परवा गुरुवार होता. मंडळ त्यांच्याच घरी बसलं होतं. मी हुंगलं आणि म्हणालो, "काही नाई काकाजी, जा आता." तेवढ्यात भिंतीपलीकडून काकूंनी पहिली ओळ उचलली. मी मशीन बंद केली. रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी थांबली. दुसरी ओळ आली, तिसरी आली.

काकाजी दाराकडे निघाले होते. अर्ध्यात थांबले, स्वतःची बोटं नाकाशी नेली, आणि परत नळाकडे वळले.

"थांब," म्हणाले, "आनखी एकदा धुतो."