छपरावरचं तळं

आप्पांच्या घराचं छप्पर गळायला लागलं म्हणून त्यांनी त्यावर निळी ताडपत्री टाकली, आणि सरकारच्या कृपेने त्यांच्या शेतात तळं झालं.

झालं असं, की कृषी खात्याने शेतात पाय ठेवणं केव्हाच सोडलं होतं. बूट खराब होतात हो! आता उपग्रह वरून फोटो काढायचा, आणि शेतात पाणी दिसलं की शेततळ्याचं अनुदान थेट खात्यात. आप्पांचं घर शेतातच, आणि वरून दिसला एक छान निळा चौकोन. ज्यांनी खरोखर तळी खोदली ते बिचारे अजून कचेरीत खेटे घालत होते, आणि अर्जसुद्धा न केलेले आप्पा बँकेचा मेसेज पुन्हापुन्हा वाचत होते.

काकू म्हणाल्या, आता आधी छप्पर बदला. भाजीत मीठ घालावं तर ताडपत्रीतूनही पाणी पडतं, जीव नुसता मेटाकुटीला आलाय. पण आप्पा पडले नाकासमोर चालणारे. ते तडक पैसे परत करायला निघाले.

कचेरीतल्या कारकुनाने संगणकावर निळा चौकोन दाखवला. ते माझं घर आहे, असं आप्पांनी तीनदा सांगितलं.

"काका, उपग्रह कशाला खोटं बोलेल?" कारकून समजुतीने म्हणाला.

पैसे परत करायचे तर तळं बुजवल्याचा दाखला हवा. परवानगीशिवाय बुजवलं तर दंड. आणि पाच वर्षांत कधी तळं वरून दिसेनासं झालं, तर व्याजासकट वसुली.

आप्पा घरी आले ते धसका घेऊनच. छप्पर बदलायचं तर ताडपत्री काढावी लागणार, आणि नेमका तेव्हाच उपग्रह वरून गेला तर? झालं, पैसे बँकेत आणि पातेली जमिनीवर. काकूंनी बोलणंच टाकलं.

शेवटी ताडपत्रीनेही मान टाकली. रात्रभर पाऊस कोसळला, ती उभी फाटली, आणि सकाळी घरात घोट्याएवढं पाणी. त्याच मुहूर्तावर तळ्याची पाहणी करायला साहेब हजर! मोबाइलमधल्या नकाशाकडे बघत ते थेट स्वयंपाकघरात आले. आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं.

साहेबांनी मोबाइल पाहिला, मग पायाखाली पाहिलं. उपग्रह चुकला असं लिहायचं म्हणजे वरच्यांना चूक म्हणायचं, आणि साहेबांची बढती जवळ आली होती. त्यांनी विजार वर घेतली, पट्टी बुडवली आणि लिहून घेतलं.

"तळ्यापासून तुमचं घर किती लांब?"

कॉटवर उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "आम्ही काठावरच राहतो."

साहेबांनी तेही लिहिलं.

"साहेब, एवढं पाणी उन्हाने उडून जायचं. तळ्यावर छप्पर घालायला काही मिळतं का?" काकूंनीच विचारलं.

साहेबांची कळी खुलली. योजना होती, पण मेलं कोणी अर्जच करत नव्हतं. शिवाय छप्पर मंजूर झालं की तळं वरून दिसायचीही गरज नाही.

नवं छप्पर आलं आणि काकूंचं स्वयंपाकघर एकदाचं कोरडं झालं. पाहणीच्या दिवशी मात्र आप्पा स्वतः घरभर बादल्या ओततात. माणूस सरळ आहे, सरकारला खोटं पाडणं त्यांच्या जिवावर येतं.