अण्णांचे नवे ग्रहराज

ब्रह्मा घाटावरचे अण्णा ज्योतिषी ग्रहांना अहो-जाहो करत आणि माणसांना अरे-तुरे. "शनिमहाराज हल्ली थकलेत," असं ते शेजारच्या आजाऱ्याबद्दल बोलावं तसं सांगत. पण बँकेचे मॅनेजर पत्रिका घेऊन आले, की "बैस तिकडे. चप्पल काढलीस का?" बाकी कुणी कितीही रडो, त्यांचं उत्तर एकच, "गणित म्हणजे गणित."

पंचाण्णवच्या दिवाळीनंतर माझ्या बहिणीचं, सुधाचं, लग्न या गणितावर अडलं. ग्वाल्हेरहून मुलाची आई आली होती. ती थेट अण्णांसमोर बसली.

"आमचे पंडित म्हणतात, पूर्वाभाद्रपदेची मुलगी सासूला जड जाते. तुम्ही हो म्हणालात, तर आम्ही दुसरं स्थळ बघतो."

अण्णा पाटीवर आकडे मांडत राहिले. बाबांच्या कपाळावर घाम. आतल्या दाराआड सुधा उभी होती. तिच्या बांगड्यासुद्धा वाजत नव्हत्या. अण्णा कुणासाठी वाकत नाहीत, हे सगळ्या घाटाला ठाऊक होतं.

शेवटी त्यांनी पाटी पुसली आणि हिंदी पेपर पुढे केला. "वाच. सूर्यासारखाच एक तारा, फार लांब. त्याच्याभोवती गुरुमहाराजांएवढे अजस्र ग्रहराज सापडलेत. आणि कुठे? पूर्वाभाद्रपदेच्या शेजारी! जुनी गणितं त्यांना न धरता केलेली. सबब दोष रद्द."

"पण ते शुभ कशावरून?"

"चार दिवसांत स्वतःच्या सूर्याला प्रदक्षिणा घालतात! वडीलधाऱ्यांची एवढी सेवा तुझ्या घरात कोण करतं?"

बाई हसल्या. "कुणी नाही हो!" आणि त्यांनी सुपारी फोडायला होकार दिला.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "अण्णा, त्या ग्रहाचा खरंच परिणाम होतो?"

"इतक्या लांबून? कपाळ!"

"मग गणित?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पंधरा वर्षांपूर्वी याच नक्षत्राच्या मुलीबद्दल एका बाईनं विचारलं होतं. मी दोष सांगितला. लग्न मोडलं."

"कुणाची मुलगी?"

"माझी."

अण्णांची मालतीताई जबलपूरला शाळेत शिकवायची. नोकरीमुळे तिला घरी येता येत नाही, असंच आम्ही समजत होतो.

"जबलपूरची गाडी कितीला असते रे?" अण्णांनी विचारलं. "तू चल बरोबर. तिनं दार उघडलं नाही, तर मला परत यायचं सुचायचं नाही."