आप्पांच्या गाडीचा पंचनामा

आमचे शेजारी दिगंबर आप्पा गाडी सर्व्हिसिंगला टाकण्याआधी तिचा पंचनामा करतात. गंमत म्हणून नाही. नांदेडच्या सर्व्हिस सेंटरच्या गेटसमोर गाडी उभी करून, बॉनेटवर पॅड ठेवून, दोन पंचांच्या समक्ष, रीतसर. आप्पा तेहतीस वर्षं तलाठी होते. गारपिटीचे, पुराचे, जळालेल्या गंजीचे, वीज पडून मेलेल्या म्हशींचे पंचनामे करून ते निवृत्त झाले. हात मात्र निवृत्त झाला नाही.

दोनपैकी एक पंच कायम मी. दुसरा गेटवरचा वॉचमन.

"पंच शिकलेला पाहिजे, सर. उद्या उलटतपासणी झाली तर टिकला पाहिजे," असं आप्पा म्हणाले तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझ्या सहीपुढं आप्पा स्वतःच्या हातानं 'बी.ए., बी.एड.' लिहितात. नायगावात एवढा मान मला दुसरीकडं कुठं मिळत नाही.

मजकूर ठरलेला. "आज रोजी आम्ही खाली सह्या करणार पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर वाहन पांढऱ्या रंगाचे असून मीटर नऊ हजार नऊशे बारा. डाव्या मागील दारास अर्धे बोट ओरखडा, जुना. पेट्रोल पाऊण टाकी. डिकीत स्टेपनी एक, जॅक एक, माहूरच्या देवीचा फोटो एक." मग चतुःसीमा. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस धुलाईचा रॅम्प, दक्षिणेस चहाचा गाडा, उत्तरेस अनोळखी इसमाची लाल जीप.

"आप्पा, गाडीला चतुःसीमा कशाला? ती हलती की," मी एकदा म्हणालो.

"म्हणूनच लिहायची. हलल्यावर कळलं पाहिजे, कुठून हलली."

तिथले सुपरवायझर शेखभाई दर वेळी विचारायचे, "आप्पा, गाडी सर्व्हिसिंगला आणली का जप्तीला?"

"आधी सही करा शेखभाई, मग हसा."

हा सगळा खटाटोप वॉरंटीसाठी. "वॉरंटी म्हणजे सातबारा हाय सर. एक नोंद हुकली की जमीन गेली." कंपनीचं पुस्तक त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, लाल पेनानं रेघा मारल्या. ऑइलचं बिल, फिल्टरचं बिल, हवा भरल्याची चिठ्ठीसुद्धा फाइलला. प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स माझ्या घरी ठेवायला दिली. आग लागली तर दोन्ही घरं एकदम जळत नाहीत, हे त्यांचं म्हणणं. आमची भिंत एकच आहे, हे मी काढलं नाही.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. जन्मभर लोकांचे बांध मोजलेल्या या माणसाचं स्वतःच्या धाकट्या भावाशी बांधावरूनच वाजलं. भाऊ नागोराव गावी शेती करतो. अकरा वर्षं दोघांत बोलणं नाही. भावकीच्या लग्नात एक मांडवाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. मी एकदा विषय काढला, तर आप्पा म्हणाले, "सर, ती नोंद बंद हाय." पुन्हा काढला नाही.

गेल्या काही महिन्यांपासून आप्पा सोमवारी आणि गुरुवारी गाडी घेऊन पहाटेच निघायचे. विचारलं तर, "नांदेडला. पेन्शनचं काम."

"इतके दिवस?"

"सरकारी काम हाय सर. मी सोता सरकार होतो, मला म्हाईत हाय."

यंदा श्रावणात एका सकाळी ते माझ्या ओट्यावर आले आणि बसलेच नाहीत.

"सर, गिअरबॉक्स बोलून राहिला."

"बोलू द्या. वॉरंटी आहे ना?"

आप्पा दारातल्या गाडीकडं बघायला लागले. एरवी हा शब्द नुसता काढला तरी ते फाइल आणायला पळायचे. त्या दिवशी ते फाइल आणायला गेलेच नाहीत.

नांदेडला जाताना तिसऱ्या गिअरला खर्र आवाज यायचा आणि आप्पा स्वतःलाच कुणी चिमटा काढल्यासारखे हलायचे. माझी नजर मीटरवर गेली. पंचवीस हजार चारशे! माझ्या हिशेबानं गाडी पंधरा-सोळा हजारांवर असायला पाहिजे होती.

"आप्पा, वीस हजारांची सर्व्हिस?"

"केली."

"पंचनामा?"

"न्हाई केला."

मला राग आला, खरं सांगतो. न विचारता पंचाच्या यादीतून नाव कमी केल्यासारखं वाटलं. पण रागापेक्षा भीती जास्त होती. पंचनामा न करणारे आप्पा मी पाहिलेच नव्हते.

सेंटरमध्ये शेखभाई त्या दिवशी हसले नाहीत. वीस हजारांची सर्व्हिस आप्पांनी तेवीस हजार एकशे चाळीसला केली होती. हजारभर किलोमीटर मागंपुढं चालतं, तीन हजार नाही. वॉरंटी अडकली होती, आणि गिअरबॉक्सच्या कामाचा अंदाज अडुसष्ट हजार.

लातूरहून वॉरंटीचे साहेब आले होते. पोरगेलेसे, पण माणूस सभ्य. त्यांनी आप्पांची फाइल चाळली, पंचनामे वाचले, आणि वाचता वाचता खुर्चीत सरळ बसले.

"काका, असं रेकॉर्ड मी कुठंच बघितलं नाही. हे एकच पान कसं हुकलं?"

आप्पांनी फाइल मिटून स्वतःकडं ओढली.

"असं करा. उशीर का झाला ते लेखी द्या. घरात आजारपण वगैरे असलं तर दवाखान्याचे कागद जोडा. मी शिफारस करतो, होऊन जातं."

कागद समोर आला. आप्पांनी पेनचं टोपण काढलं. 'कारण' असं लिहिलं, पुढं दोन टिंबं दिली. पंखा फिरत होता, कागदाचा कोपरा उडत होता, तो मी बोटानं दाबून धरला. अडुसष्ट हजार. पेन्शनीत हा माणूस ते कसे उभे करणार, याचा हिशेब माझ्याच डोक्यात चालू झाला. आप्पांच्या कपाळावरून घाम निघून नाकावर आला, तरी पेन जागचं हललं नाही.

"आप्पा, काहीतरी लिहा," मी हळूच म्हणालो.

"काहीतरी कसं लिहू सर? कागद हाय तो."

"मग खरं लिहा."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी बोट काढून घेतलं. मग टोपण लावलं, कागद साहेबांकडं सरकवला. "कारण न्हाई. पैशे भरतो."

परत येताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते. आदल्या महिन्यात बायकोला सांगत होतो की आप्पांच्या डोक्यात फरक पडलाय. ते खरंच असलं तर काय, म्हणून मला धडकी भरली होती.

दहा-बारा दिवसांनी गाडी झाली. गुरुवार होता. ताबा घेताना रीतसर पंचनामा झाला, मी सही केली, वॉचमननं केली. गाडी निघाली ती नायगावच्या रस्त्याला लागायच्याऐवजी विष्णुपुरीकडं वळली.

"सर, पाच मिन्टं. मागं एक माणूस बसंल. काही विचारू नका. त्याच्या बायकोला फोन केला होता. ती म्हणली, सर असले तर त्याला चालतील."

तिथल्या मोठ्या दवाखान्यासमोर झाडाखाली नागोराव उभे होते. हाताला पट्टी, पाय सुजलेले. ते मागच्या सीटवर बसले आणि दार लावून घेतलं. आप्पांनी गाडी काढली.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस, असं मला नंतर कळलं. भावाच्या गाडीत बसायला नागोराव एकाच अटीवर तयार झाले होते : कुणाला कळता कामा नये. कळलं की बसणं बंद. आणि आप्पांची अडचण अशी की सर्व्हिसिंग म्हणजे पंचनामा, पंचनामा म्हणजे मी. मी मीटर बघून विचारणार, किलोमीटर कुठं गेले. खोटं त्यांना लिहिता येत नव्हतं, खरं लिहायची मुभा नव्हती. म्हणून तीन हजार किलोमीटर सर्व्हिसिंगच केली नाही. शेवटी इंजिनची दया आली तेव्हा एकटेच जाऊन, चोरी केल्यासारखी करून आले.

त्या दिवशी नदीवरचा पूल गेला तरी गाडीत आवाज नव्हता. ना माणसांचा, ना गिअरचा. मग मागून नागोराव मला म्हणाले, "सर, त्याला सांगा, खरखर गेली म्हणून."

मी आप्पांकडं पाहिलं. त्यांना ऐकू आलंच होतं.

"त्याला सांगा," आप्पा समोर बघत म्हणाले, "नवा बसवलाय."

नागोराव माझ्या सीटकडं वाकले.

"सर, किती लागले विचारा."

"सांगा, वॉरंटीत झालं."

मी मागं वळून सांगितलं, वॉरंटीत झालं. पंच म्हणून मी दिलेली ती पहिली खोटी साक्ष. नागोरावांनी मान हलवली आणि डोळे मिटले. आप्पांनी आरसा थोडा खाली केला, मागच्या सीटवर झोपलेला माणूस दिसेल इतका, आणि चाळीसच्या वर गाडी नेली नाही.

हे लिहायच्या आधी मी दोघांची परवानगी घेतली, वेगवेगळी, आणि मजकूर वाचून दाखवला. गिअरबॉक्सचा हिशेब ऐकून नागोराव एवढंच म्हणाले, "मला म्हाईत होतं." आप्पा म्हणाले, लेखी घ्या. नागोरावांची लेखी परवानगी मी गावी जाऊन आणली. त्या कागदाखाली पंचाची जागा रिकामी होती. आप्पांनी तो दोनदा वाचला, खिशातून पेन काढलं आणि तिथं स्वतःची सही केली.