धरणाच्या काचपटावरील अक्षरांची हकीकत

श्री अक्षरदेवता सुप्रसन्न. शके १९४३, प्लवनाम संवत्सरीं राज्यांत जें वर्तलें तें जैसें कळलें तैसें लिहिलें असे. राज्यांत थोर धरण, त्यास चोवीस दरवाजे, आणि चौकींत काचेचा पट असे, त्यावर पाण्याची पातळी व दरवाजांचे आंकडे दाटीवाटीनें उमटत आणि आंकड्यास बोट लावितां तो दरवाजा उघडे. पटाचीं अक्षरें येसो मल्हार अक्षरनवीस, ज्यांस सारे पंत म्हणत, यांणीं घडविलीं होतीं. त्यांच्या घराण्याची रीत ऐसी कीं नवाच्या आंकड्यास खालीं झोकदार शेपूट काढावें, आणि पंतांस त्याचा अभिमान फार.

मग आषाढांत पूर आला आणि चौकीच्या गोजराबाईंनीं नवाचा आंकडा एक ऐसा वाचोन भलताच दरवाजा उघडिला, आणि कुंभारवाड्यांत पाणी शिरोन चार भट्ट्या विझाल्या. दरबारीं मंडळी बोलिली कीं बाईस दिसत नाहीं, काढोन टाकावी. तेव्हां बाईंनीं अर्ज केला, "माझा डोळा शाबूत हाय, सरकार. त्यो आकडाच लई नटलाय." महाराजांनीं पट आणवून पाहिला आणि आज्ञा केली कीं पंतांनीं महिन्यांत साधीं अक्षरें करावीं, आणि पुढल्या पुरांत चूक जाहली तर उभयतांची चाकरी गेली.

मग पंत कामास बसले आणि साऱ्या रेघा एका जाडीच्या केल्या, अक्षरें अरुंद करोन त्यांचीं पोटें, म्हणजे आंतल्या पोकळ्या, मोकळीं ठेविलीं, आणि ओळी जवळ घेतां खालच्या ओळीची वेलांटी वरल्या ओळीच्या उकारास धडकूं लागली म्हणोन दोहींस आखूड केलें. पटावर बारा ओळी जास्त मावल्या. परंतु नवाचें शेपूट आजोबांच्या हातचें, तें छाटवेना, म्हणोन थोडकें ठेविलें. अक्षरें चौकींत नेलीं, तों बाई आठ हात दूर उभ्या राहोन घडाघडा वाचूं लागल्या आणि नवापाशीं पळभर थांबल्या. पंत समजले, आणि तेथेंच बसोन शेपूट छाटिलें, आणि त्या दिवशीं त्यांस अन्न गोड लागलें नाहीं.

भाद्रपदांत तीन दिवस पूर चढला, परंतु बाईंनीं नेमके दरवाजे उघडिले, आणि कुंभारवाड्यांत थेंब शिरला नाहीं. दरबारीं बाईंस शालजोडी दिली, आणि महाराजांनीं कौतुकें पुसिलें कीं नवीं अक्षरें कैसीं वाटलीं. पंत कान देऊन उभे.

बाई म्हणाल्या, "अक्षरं व्हय? त्येंच्याकडं ध्यानच न्हाई गेलं, सरकार. मी पाणीच बघत हुते."

दरबार हांसला. पंतांस आधीं मिरची झोंबली, आणि मग अक्षरें पाण्याच्या आड आलीं नाहींत हें उमगोन त्यांचे डोळे भरोन आले, आणि त्यांणीं भर दरबारीं बाईंस मुजरा केला. सारांश, उभयतांची चाकरी राहिली, कुंभारांनीं भट्ट्या पुन्हां पेटविल्या, आणि अक्षरें कोणाचीं हें चौकींत आजवर कोणीं पुसिलें नाहीं. इतुकें वर्तमान.