एक नंबरचं कार्ड

कऱ्हाळे गुरुजींना वर्गाचं उत्तर बरोबर आलं की करमत नाही. चेहरा पडतो. मग ते आणखी अवघड प्रश्न घालतात आणि कुणीतरी चुकेपर्यंत थांबत नाहीत.

डोंगरकडा गावाच्या पुढे आमची शाळा. मी चौथीला शिकवते, गुरुजी पाचवीला. पोरांकडे फोन नाहीत. गुरुजींकडे एक आहे, तोही काच तडकलेला. तेवढ्यावर ते रोज चाचणी घेतात. प्रत्येक लेकराच्या हातात एक कार्ड, त्यावर काळी चौकोनी नक्षी, चार कडांना अ, ब, क, ड. उत्तराची कड वर धरायची. गुरुजी खुर्चीवर चढून वर्गावरून फोन फिरवतात. बरोबर आलेली नावं हिरवी होतात, चुकलेली लाल. नक्षी प्रत्येकाची वेगळी, म्हणजे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. कार्डं चिकटवलीत जुन्या लग्नपत्रिकांवर. त्यामुळे अपूर्णांकाचं उत्तर देताना लेकराच्या डोळ्यांसमोर कुणाच्या तरी हळदीची वेळ असते.

एकदा अख्खा वर्ग लाल झाला. गुरुजींनी सगळ्या स्टाफला चहा पाजला. मुख्याध्यापकांनी बिचकतच कारण विचारलं, तर म्हणाले, "सगळे एकाच जागी अडकले, साहेब. जागा सापडली."

लाल झालेलं नाव ते वर्गात घेत नाहीत. मधल्या सुट्टीत त्या लेकराजवळ उकिडवे बसतात आणि हळूच म्हणतात, "चुकलं काहून, ते सांग." मग ऐकत राहतात. मी दोन मिनिटांत उत्तर सांगून मोकळी झाले असते. त्यांचं ते ऐकणं पाहिलं की मला हात जोडावेसे वाटतात. वसमतच्या शिंप्याने शर्टाचा खिसा उजवीकडे शिवला, तेव्हा त्यालाही त्यांनी हेच विचारलं. अर्धा तास ऐकून घेतलं आणि शर्ट अजून तसाच घालतात.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. त्यांची कार्डं दोन नंबरपासून सुरू व्हायची. सगळ्यांची उत्तरं आली तरी फोन एक नंबरच्या नावापुढे उत्तर बाकी दाखवायचा. गुरुजी त्या नावाकडे क्षणभर बघायचे, मग पुढचा प्रश्न. शेवटी मी विचारलंच.

गुरुजींच्या नोकरीचं पहिलं वर्ष, हीच शाळा. भाकरीचा तिसरा हिस्सा मोठा की चौथा, असं त्यांनी विचारलं होतं. तांड्यावरची सविता उठून म्हणाली, चौथा. गुरुजी हसले, म्हणून वर्गही हसला. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. गुरुजी तांड्यावर गेले तोवर तिचं घर ऊसतोडीला निघून गेलं होतं. पुढे गुरुजींचीही बदली झाली; या शाळेत ते बऱ्याच वर्षांनी परत आले.

"मी तिला काहून ते विचारलंच न्हाई, मॅडम," एवढं म्हणून ते कार्डं मोजायला लागले.

यंदा जूनमध्ये एक बाई लेकीला पाचवीत घालायला आली. तांड्यावरची शाळा चौथीपर्यंतच. गुरुजींनी फॉर्मवर आईचं नाव वाचलं, वर बघितलं आणि उजव्या खिशातून एक नंबरचं कार्ड काढलं. कसं धरायचं ते सांगितलं. प्रश्न तोच विचारला. अ म्हणजे तिसरा, ब म्हणजे चौथा.

मला वाटलं, बाई चिडणार. तिने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि ब वर धरला. इतक्या वर्षांनी फोनवर त्या नावाला रंग आला, तोही लाल.

"काहून?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"आता ठावं हाये मला, गुरुजी, तिसरा मोठा असतो. पन तवा आमी तिघी बहिणी अन् आई. आई भाकरीचे चार हिस्से करायची अन् आपला हिस्सा माज्या ताटात सारायची. आई घरी नसली की ताई तीन हिस्से करायची, मंग मला एकच भेटायचा. म्हून मला चौथाच मोठा वाटायचा."

गुरुजींनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"बराबर होतं तुझं," ते म्हणाले.

सविताने कार्ड परत द्यायला हात पुढे केला. गुरुजींनी ते तिच्या लेकीला द्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाचवीची कार्डं एकपासून सुरू झाली.