सोवळ्यातल्या लोंब्या

"भाताच्या इतिहासाचे यापुढे दोनच कालखंड राहतील. आमच्या वाणाच्या आधीचा आणि आमच्या वाणाच्या नंतरचा," असे डॉ. हरिश्चंद्र नाटेकर यांनी रत्नागिरीतल्या सभागृहात ठणकावून सांगितले. समोर दिल्लीचे दोन पाहुणे होते आणि मागे विद्यापीठाचे झाडून सगळे साहेब. यातला नंतरचा कालखंड त्या घटकेला खाडीकाठच्या एका वाडीत, आंब्याच्या पानात गुंडाळून, सुतळीने दारोदार टांगलेला होता.

हे कळले होते फक्त वेदिका शिवलकरला. वेदिका ही सरांची संशोधक विद्यार्थिनी. रावजी घवाळींच्या खाजणात, म्हणजे खाडीचे खारे पाणी शिरते त्या जमिनीत, ती तीन वर्षे राबत होती. रावजींच्या घरचे जुने तांबडे भात खाऱ्या पाण्यात तगायचे, पण पिकायचे बेताचेच. विद्यापीठाचे भात रग्गड पिकायचे, पण मिठाची चाहूल लागली की मान टाकायचे. दोघांचा संकर करून दुसऱ्या पिढीची सहाशे रोपे वेदिकाने लावली आणि भरतीचे पाणी मुद्दाम आत घेतले. पाचशे एक्क्याण्णव रोपे गेली. उरलेली नऊ एकमेकांहून निराळी होती आणि प्रत्येकावर जेमतेम एकच लोंबी धरली होती. परके पराग आणि पाखरे यांच्यापासून राखायला वेदिकाने एकेका लोंबीला कागदी पिशवी बांधली आणि तिच्यावर पेन्सिलीने नंबर घातला.

नवान्न पौर्णिमेच्या सकाळी ती विळा घेऊन आली, तर वाफ्यात नऊ बोडकी ताटे उभी.

रावजीकाका पडवीत चहा पीत होते. त्यांनी उशाखालून नऊ पिशव्या काढल्या. व्यवस्थित घड्या घातलेल्या. "ह्या घे तुझ्या पिशव्या. एक पण फाटलेली नाय."

नव्या भाताची लोंबी दाराला बांधायची, त्याला त्या वाडीत नुसते 'नवं' म्हणत, आणि पहिली लोंबी कापायचा मान घवाळींचा. पण लोंबी पाखराने चोच लावलेली नको, उष्टी चालत नाही. यंदा पाखरांनी खाजणभर धुमाकूळ घातला होता. रावजीकाका पहाटेपासून नीट लोंबी शोधून थकले, आणि मग त्यांना त्या पिशव्या दिसल्या.

"नऊ घरं, नऊ पिशव्या. मी म्हटलं, पोर शहरातली असून मोजून सोवळ्यात ठेवल्यान."

"काका, त्या संशोधनाच्या होत्या."

"मग आमचं नवं काय टवाळकी आहे?" रावजीकाका उलट तिच्यावरच भडकले.

वेदिकाने सरांना फोन लावला. सरांनी सभागृहाबाहेर येऊन पाच मिनिटे अडाणीपणा या विषयावर व्याख्यान दिले आणि संध्याकाळपर्यंत नऊच्या नऊ लोंब्या हजर करा, नाहीतर प्रबंध विसरा, असे बजावले. कुठल्या पिशवीत कुठली लोंबी होती हे गेले, याची वेदिकाला तेवढी चिंता नव्हती. नऊही रोपांची पाने प्रयोगशाळेच्या शीतपेटीत होती, डीएनए ताडून पाहता आले असते. पण ताडायला लोंबी तर हवी.

पहिल्याच दारात तुळसाकाकू आडव्या उभ्या राहिल्या. "नव्याच्या दिवशी दारातली लक्ष्मी सोडवून न्यायची? विद्यापीठात हेच शिकवतात काय गो?" दुसऱ्या दारातही तेच, फक्त आवाज चढा. तासाभरात सगळी वाडी संतापलेली होती, आणि आपणच चोर असल्यासारखे वेदिकाला वाटू लागले.

शेवटी तोड काढली ती रावजीकाकांच्या बायकोने, गंगाकाकूंनी. दार रिकामे राहता कामा नये. आधी दुसरी लोंबी बांधायची, मग पहिली सोडायची. फक्त ती दुसरीही उष्टी नको. वेदिका आणि रावजीकाका भर उन्हात खाजणात उतरले आणि तीन तासांत आठ धड लोंब्या मिळवल्या. मग तुळसाकाकू म्हणाल्या, बदलायचं तर गाऱ्हाणं घालून बदला. रावजीकाकांनी आठही दारांत देवाला गाऱ्हाणे घातले आणि त्या मुलीच्या भाताला खाऱ्या पाण्याची बाधा होऊ देऊ नको, असे साकडे घातले. वेदिकाला आठ वेळा "व्हय महाराजा" म्हणावे लागले. प्रबंधाच्या कुठल्याच प्रकरणात हे बसणार नव्हते.

नववे घर रितेशचे. त्याने लोंबी दाराला न बांधता पोटापाण्याच्या वस्तूला, म्हणजे रिक्षाला बांधली होती आणि रिक्षा रत्नागिरीच्या स्टेशनावर होती. वेदिकाने सरांना कळवले. सर पाहुण्यांना जेवणावर सोडून तडक स्टेशनावर गेले, रिक्षा शोधली आणि स्वतःच तिच्यात बसले.

"लोंबी माझ्या डोळ्यांसमोर आहे," ते फोनवर म्हणाले. "आता हिला कोणी हात लावणार नाही."

लोंबी मागच्या सीटपुढच्या दांडीला बांधलेली होती. पाऊण तासाच्या वाटेत सरांनी आणखी चार जणांना फोन केले आणि प्रत्येकाला हा अनर्थ पहिल्यापासून, नव्या संतापाने सांगितला. एका हातात फोन होता. दुसरा मोकळा होता.

वाडीत उतरताच सर कडाडले. "लाखमोलाचं बियाणं तुम्ही तोरणासारखं टांगता? तुम्हाला विज्ञानाची काही चाड?"

रावजीकाका शांतपणे उठले. "साहेब, तांबडं भात तुम्ही माझ्याकडनं नेलंत. चार पिढ्या आम्ही ते राखलं. बिनपिशवीचं."

तेवढ्यात वेदिका रिक्षातली लोंबी सोडवून घेऊन आली. लोंबी कसली, काडीच ती. टोकाला सहा दाणे लोंबत होते.

"स्टेशनात लोंबी दाण्यांनी गच्च भरलेली होती," रितेश म्हणाला आणि त्याने मोबाइलमधला सकाळचा फोटो सगळ्यांना दाखवला. "वाटेत दुसरा पॅसेंजर घेतला नाय. कुठं थांबलो नाय. आईशप्पथ."

सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी बोट उगारले, आधी रितेशवर, मग रावजीकाकांवर, मग एकूण समाजावर. "ज्या कोणी हे दाणे खुडले," ते गरजले, "त्याला मी..."

आणि त्यांना ठसका लागला. साधासुधा नाही, डोळ्यांत पाणी आणणारा. उगारलेले बोट हळूहळू खाली आले आणि गळ्यापाशी थांबले. सर पडवीच्या कडेला टेकले. सगळे त्यांच्याकडेच पाहत होते.

"वहिनी," ते अगदी बारीक आवाजात गंगाकाकूंना म्हणाले, "जरा पाणी देता? घशात तूस अडकलंय."