सेतुराव उठतात

आमच्या वेलचेरीच्या इमारतीत कोणीही आत आलं, की सेतुराव उठून उभे राहतात. दूधवाला, कुरिअरवाला, केर काढणारी सेल्वी, कोणीही. तळमजल्यावर त्यांची खुर्ची. पावलं मागे, छाती पुढे, हात कुठेही न टेकता सेतुराव उभे. मग पाहुण्याला लिफ्टपर्यंत सोबत. डावा पाय जरा मागून येतो. सेल्वी सुरुवातीला इतकी अवघडायची, की मागच्या दाराने यायची. सेतुरावांनी तक्रार केली.

निवृत्त बँक मॅनेजर सफाईवालीसाठी उभा राहतो! मी आमच्या संघटनेसाठी समतेवर पत्रकच काढायला घेतलं. मुलाखतीला गेले, तर ते उठले आणि माझं पत्रक त्यांनी तिथेच निकालात काढलं. अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, म्हणाले. फिजिओथेरपीच्या बाईंनी खुर्चीतून उठबस सांगितलीय. "पण सुम्मा कसं उठायचं? कोणी यायला पाहिजे."

सुम्मा म्हणजे उगीच. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं, त्यामुळे मराठी जुनी आणि मधेमधे तमिळ. सुम्मा काही करणं त्यांना पटत नाही. सुम्मा फिरायलासुद्धा जात नाहीत.

मग दिवसभर एवढा सराव कशासाठी, मी विचारलं. तेव्हा कळलं, थोरले बंधू अण्णा तंजावरला असतात. झटक्यानंतर भेटायला आले, तर हे मान द्यायला धडपडून उठले आणि त्यांच्या पायाशीच कोसळले. तेव्हापासून अण्णा येत नाहीत. मी आलो की तू पडशील, म्हणतात.

मी भडकलेच. थोरल्यांसाठी उठायची ही सरंजामी रीत मोडा, बसून राहा, असं स्पष्ट सांगितलं.

"मोडली असती गं," सेतुराव म्हणाले. "पण मी बसून राहिलो, तर अण्णांना वाटेल, भाऊ कामातून गेला."



शेवटी फोनवर भांडून भांडून त्यांनी अण्णांना बोलावलं. परवा अण्णा आले. दारातच थांबून, हात पुढे करून म्हणाले, "उठू नकोस, सेतू."

सेतुराव उठले. हात न टेकता. डुलले नाहीत, की कशाला धरलं नाही. सेल्वीने केरसुणी खाली ठेवली.

अण्णा बघत राहिले. मग म्हणाले, "तू बस. रिक्षात माझी पिशवी राहिली." आणि बाहेर गेले.

सेतुराव बसले. अण्णा पुन्हा आत आले, आणि सेतुराव पुन्हा उठले. पिशवी मघापासून त्यांच्या खांद्यालाच होती.